जीव लावला, मग विकली कशी?

नांदूरघाटात समुद्र पाहिलेली माणसं मोजकीच सापडतील, पण भवसागर सगळ्यांना ठाऊक. हरिनाम सप्ताहात मांडव पडला की कीर्तनकारांच्या तोंडी नाव येते, नावाडी येतो, पैलतीर येतो, आणि समोर बसलेली माणसं अशी माना डोलावतात जणू रोज सकाळी होडीनेच शेतावर जातात. बीड जिल्ह्याच्या ज्या केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणाने तळ दाखवला आणि 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच तालुक्यातलं हे गाव. आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी. त्यांच्या ग्रंथाचं नावही ‘विवेकसिंधु’. समुद्राची ओढ आमच्या कोरड्या मुलखाला जुनीच आहे.

मी मात्र खऱ्या बोटींवर काम करतो. जातीने आणि कसबाने सुतार. गाव सोडलं आणि गोव्यात शिडाच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात लागलो. यंदा सप्ताहाला गावी आलो तेव्हा मोबाइलवर एका बोटीचे फोटो गावातल्या तात्यांना दाखवत होतो. चौतीस फुटी, फायबरची, एका शिडाच्या काठीची, लांबच्या सफरीची बोट. मालकाचं वय झालं, म्हणून विकायला काढलेली. तात्यांनी फोटो निरखून पाहिले. पितळ चमकत होतं, दोर गुंडाळून ठेवलेले, आतल्या सागवानी फळ्यांना नुकतंच तेल दिलेलं. मग त्यांनी विचारलं, “का रं, इतका जीव लावायचा अन् शेवटी इकून टाकायची? आन् इकायचीच व्हती तर जीव लावला कशाला?”

तात्या माळकरी आहेत. प्रश्न त्यांनी सहज विचारला असला तरी तो सहज नव्हता. आसक्ती सोड म्हणून सगळे संत सांगतात. मग एखाद्या वस्तूची वर्षानुवर्षं इतकी निगा राखणं ही आसक्तीच नव्हे का? आणि आसक्ती नसेल, तर हातून निसटणाऱ्या वस्तूसाठी माणूस एवढा घाम का गाळतो?

माझं उत्तर मला माझ्या वडिलांकडून मिळालं आहे. दसऱ्याआधी आमच्या दारात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागायची. लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवायचं काम मी अजून डोळ्यांपुढे आणू शकतो. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, चिमट्यांनी दोघांनी उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत वरून पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसतं आणि तुंब्यापासून आऱ्यांपर्यंत सगळं चाक करकचून आवळलं जातं. वडील मग चाक उभं करून फिरवायचे, कान देऊन ऐकायचे. नाही पटलं तर पुन्हा. त्या गाड्यांतली एकही आमची नव्हती. चार-सहा महिने ती गाडी साखरपट्ट्यात कुणाच्या उसाखाली झिजणार, हे आम्हाला ठाऊक असायचं. तरी चाक कच्चं सोडलेलं मी पाहिलं नाही. मालकी नसताना इतका जीव लावता येतो, तर जीव लावण्याचं मूळ मालकीत नाही, हे मला तेव्हाच कळलं असं नाही. पण पुढे बोटींवर काम करताना ते पक्कं झालं.

बोट विकायची ठरली की ती पाण्याबाहेर काढून आधारांवर उभी करतात. तळाला चिकटलेली कालवं-शिंपले खरवडायचे आणि छोट्या हातोडीने तळ इंच-इंच ठोकत जायचं. फायबर घट्ट असेल तर आवाज टणक येतो; आतले थर सुटले असतील, पाणी शिरलं असेल, तर बद्द येतो. कीलचे, म्हणजे तळाच्या वजनदार कण्याचे, बोल्ट तपासायचे, गंजाचा ओघळ कुठे दिसतो का ते पाहायचं. काठी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवायचा. एखादा तंतू तुटला असेल तर कापूस तिथे अडकतो. बीडच्या माणसाला कापूस असाही कामी येतो. ही तार भर समुद्रात तुटली तर काठी कोसळते, आणि तेव्हा बोटीवर आजचा मालक नसेल. जो असेल त्याला आम्ही ओळखतही नाही. सगळी निगा त्या अनोळखी माणसासाठी असते.

बुद्धांचा तराफ्याचा दृष्टांत बहुतेकांना ठाऊक आहे. मज्झिम निकायात तो आहे. एक माणूस गवत, काटक्या, फांद्या जोडून तराफा करतो, हातापायांनी वल्हवत पूर ओलांडतो. पलीकडे गेल्यावर, या तराफ्याचे माझ्यावर फार उपकार, म्हणून तो डोक्यावर घेऊन हिंडला तर शहाणा म्हणायचा का? नाही. धम्मही तसाच, तरून जाण्यासाठी, कवटाळण्यासाठी नाही. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्या सुत्तात शहाण्या माणसाने काय करावं याचे दोन पर्याय आहेत: तराफा पाण्यात सोडून द्यावा, किंवा तो ओढून काठावर ठेवावा आणि मग आपल्या वाटेने जावं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाची नजर या दुसऱ्या पर्यायावर अडते. काठावर ओढून ठेवलेला तराफा मागून येणाऱ्याच्या उपयोगी पडतो. मात्र त्याच्या गाठी घट्ट असल्या तरच. सैल गाठींचा तराफा ठेवून जाणं म्हणजे त्याग नव्हे, मागच्याला बुडवणं आहे. मला वाटतं, सोडून देण्याबद्दल आपल्याकडे खूप बोललं गेलं, आणि कोणत्या अवस्थेत सोडलं याबद्दल फार कमी.

आता मुंबईत बांधलेल्या एका बोटीबद्दल सांगतो. ‘सुहेली’ तिचं नाव. अवघी बत्तीस फूट, दोन काठ्यांची, सागवानी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्याने ती मुंबईत आपल्या सुतारांकडून बांधून घेतली. वाकस, हातकरवत, दोरीने फिरवायचा सामता, अशी अवजारं. माझ्या वडिलांच्या पेटीत होती तीच. 1968 साली कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत जाहीर झाली. नॉक्स-जॉन्स्टनना नवी पोलादी बोट हवी होती, पण पैसे जमले नाहीत, म्हणून ही वापरलेली ‘सुहेली’च न्यावी लागली. 14 जून 1968 ला ते इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाले. वाटेत कीलजवळच्या फटींतून पाणी शिरू लागलं, तेव्हा पाण्यात बुडी मारून, श्वास रोखून, त्या फटींत कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. 22 एप्रिल 1969 ला परत पोचले. नऊ जणांपैकी शर्यत पूर्ण करणारे ते एकटे. बक्षिसाचे 5000 पौंड त्यांनी शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबासाठी देऊन टाकले.

त्याच शर्यतीत बर्नार्ड मोइतेसिए नावाचा फ्रेंच माणूस होता. जिंकण्याची चांगली संधी असताना तो इंग्लंडकडे वळलाच नाही. आपला आत्मा वाचवायचा आहे अशा अर्थाचा निरोप देऊन पुढे ताहितीला गेला. लोकांना तो मोठा विरक्त वाटतो. मलाही तो आवडतो. पण मला विरक्ती जास्त दिसते ती पाण्याखाली फटीत कापूस ठासणाऱ्या आणि बक्षीस हातात येताच देऊन टाकणाऱ्या माणसात. बोटीवर पराकोटीचा जीव, आणि तिने मिळवून दिलेल्या धनावर नाही.

‘सुहेली’ची पुढची गोष्ट तात्यांच्या प्रश्नाला थेट भिडते. तिला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलं. मान मिळाला, छप्पर मिळालं, वादळ-वारा थांबला. आणि तिथल्या कोरड्या हवेत तिचं लाकूड आकसू लागलं, फळ्यांच्या फटी उघडू लागल्या. दक्षिण महासागराच्या लाटा सोसलेली बोट जपून ठेवल्याने मोडायला निघाली. 2002 साली नॉक्स-जॉन्स्टननी तिला तिथून बाहेर काढलं, स्वतः राबून दुरुस्त केली आणि पुन्हा पाण्यात घातली. आसक्ती कशी दिसते असं कुणी विचारलं तर मी ते संग्रहालय दाखवीन. वस्तू ज्यासाठी झाली त्यापासून तिला तोडून, केवळ माझ्या डोळ्यांसमोर राहावी म्हणून धरून ठेवणं, ही आसक्ती. निगा म्हणजे तिला तिच्या कामाला तयार ठेवणं. मग ते काम माझ्या हातून होवो की दुसऱ्याच्या.

हे म्हणणं खरं की खोटं, याचा कस विक्रीच्या वेळी लागतो. आमच्याकडे बैलबाजारात दात पाहून वय कळतं, पण बैल चढावर बसतो की नाही हे विकणाराच सांगू शकतो. बोटीचंही तसंच. एका मालकाने तळाच्या फुगवट्यांवर लांबी भरून, ताजा रंग मारून बोट विकायला आणलेली मी पाहिली आहे. बोट चकाचक होती. हातोडी लावली तर अर्धा तळ बद्द वाजला. ती चमक निगेची नव्हती. पैशावरचा जीव बोटीवर रंगवला होता.

तात्यांना दाखवलेल्या बोटीच्या मालकांनी ग्राहक आल्याबरोबर आधी मागची हॅच, म्हणजे डेकवरचं झाकण, उघडली आणि म्हणाले, “मोठ्या लाटेत इथून पाणी येतं. रबर दोनदा बदललं, तरी येतं.” मग एक जाड वही पुढे केली. इंजिनचं तेल कधी बदललं, पंपाचा इम्पेलर कधी, तारा कोणत्या साली नव्या घातल्या, तळाजवळचा कुठला सीकॉक (समुद्राच्या पाण्याची तोटी) घट्ट फिरतो, सगळं तारखेनिशी, कुठे शाईने, कुठे पेन्सिलीने. ग्राहकाने हॅचसाठी किंमत कमी करायला सांगितली, मालकांनी केली. मला ते घासाघीस वाटलंच नाही. सावता माळ्यांनी मळ्यात देव पाहिला असं आपण म्हणतो. त्या दुपारी त्या वहीत मला तसंच काही दिसलं, आणि हे मी अतिशय गांभीर्याने लिहितो आहे.

तात्यांना मी सांगितलं: जीव लावला म्हणूनच विकता आली. ज्याने लावला नसता त्याला एक तर लपवावं लागलं असतं, नाही तर फुंकून टाकावं लागलं असतं. तात्या थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मंग ज्यानं घेतली त्यानं बी लावाया पायजे.” बरोबर आहे. म्हणून वाचकांना एकच सांगणं. बोट असो, ट्रॅक्टर असो, विहिरीवरची मोटर असो, जुनी वस्तू घ्यायला जाल तेव्हा किंमत विचारण्याआधी वही मागा. आणि विकायला काढाल तेव्हा वही आणि खोड, दोन्ही स्वतःहून पुढे करा. वही नसेल तर आजपासून घाला.