आधी शिकून घ्यावं

पुण्याच्या उन्हाळ्यात आपण सकाळीच खिडक्यांचे पडदे ओढून घेतो. फरशीवर पाण्याचा हबका मारतो. इथे जन्मलेल्या आपल्यालाही हे ऊन सोसत नाही. मग स्कॉटलंडच्या थंडीतून आलेल्यांचं काय होत असेल?

स्कॉटलंडच्या मार्गारेट विल्सन 1829 मध्ये पती जॉन यांच्यासोबत मुंबईला आल्या. मिशनरी कुटुंब. विजेचा पंखा नाही. घरचं पत्र यायला महिनोन्महिने लागत. पण हे दांपत्य सुरुवातीला कोकणात हर्णैला जाऊन राहिलं, मराठीचा अभ्यास करायला. आले होते शिकवायला. तरी आधी शिकून घ्यावं, हे त्यांनी जाणलं. पुढे मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. घरात लहान मुलं होतीच. 1835 मध्ये त्या मुंबईतच वारल्या. मुलगा अँड्र्यू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता.

त्या धर्मप्रसारासाठी आल्या होत्या. तो हेतू सगळ्यांना पटेल असं नाही. पण परक्यांच्या अंगणात उभं राहताना आधी शिकून घ्यावं, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.

आपल्या पुण्यात सावित्रीबाई फुले यांनीही मिशनच्या मिचेलबाईंकडे अध्यापनाचे धडे गिरवले. आधी शिकून घेतलं.

मंडळी, तुमच्या शेजारी एखादं परप्रांतातलं कुटुंब नव्यानं आलं असेल. आज त्यांच्याकडे जाऊन या. त्यांचा एखादा पदार्थ कसा करतात, तेवढं नक्की विचारा.