एका ‘इज’साठी

१५२९च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात वाद सुरू होण्याआधी मार्टिन ल्यूथरने टेबलावर खडूने एक लॅटिन वाक्य लिहिलं आणि त्यावर मखमली आच्छादन ओढून घेतलं. समोर होता झ्यूरिचचा उल्रिख झ्विंग्ली. दोघेही पोपविरोधक, त्यांची एकी व्हावी म्हणून हेसच्या फिलिपने ही बैठक जमवली होती. पंधरापैकी चौदा कलमं जुळली. पंधराव्यातलंही बरंचसं जुळलं आणि एका क्रियापदापाशी गाडं अडलं.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकरी मोडून ती आपलं शरीर असल्याचं शिष्यांना सांगितलं. खडूने लिहिलेलं लॅटिन वाक्य हेच. त्यातलं ‘एस्ट’ म्हणजे ‘आहे’, त्यात फाटे फोडायचे नाहीत, ही ल्यूथरची बाजू. झ्विंग्ली म्हणे, इथे त्याचा अर्थ ‘दर्शवते’ असा. पुरावा मागितला गेला तेव्हा ल्यूथरने आच्छादन उचलून खडूचं वाक्य दाखवलं. यापुढे बोलण्यासारखं काय उरणार?

इंग्रजीत हा सगळा भार ‘इज’वर. देव आहे, सॉक्रेटिस शहाणा आहे, पहाटतारा म्हणजे शुक्र: अस्तित्व, गुण आणि एकरूपता, तिन्हीकडे तोच एक शब्द. गुण आणि एकरूपता यांना एकच शब्द वापरणं मानवजातीला लाजिरवाणं आहे, असं तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९१९ साली छापलेल्या पुस्तकात लिहिलं (ते लिहिलं तुरुंगात, त्यामुळे चिडायला सवड भरपूर). या क्रियापदाचं कूळही मिश्र. ‘इज’ आपल्या ‘अस्’चं भावंड, ‘बी’ हे ‘भू’चं आणि ‘वॉज’ हे ‘वस्ती’तल्या ‘वस्’चं. तीन घरची माणसं एका छपराखाली नांदतात.

मराठीला इथे जरा सोय आहे. ‘विठ्ठल माउली’ एवढं म्हटलं तरी वाक्य पुरं होतं, क्रियापद लागतच नाही. आणि ‘विठ्ठल म्हणजे माउली’ म्हटलं, तर त्या ‘म्हणजे’त एकरूपताही बसते आणि अर्थही. मारबुर्गच्या टेबलावर हा शब्द असता तर दोघांनीही सही केली असती, निदान जेवणाच्या वेळेपर्यंत. येशू जी अरामी बोले, तिलाही अशा वाक्यात क्रियापदाची गरज नव्हती.

पण सगळा वाद क्रियापदापायीच होतो असं नाही. ‘तत्त्वमसि’त, म्हणजे ‘ते तू आहेस’ या उपनिषदातल्या वाक्यात, ‘असि’ लख्ख आहे. शंकराचार्यांनी तिथे अभेद वाचला, तर मध्वाचार्यांनी संधी वेगळा सोडवून ‘अतत्’ काढलं आणि ‘तू ते नाहीस’ असा अर्थ लावला. क्रियापद तेच ठेवून वाक्याचं तोंड फिरवलं!

इंग्लंडात मात्र भाकरीचा वाद शब्दांवर थांबला नाही. भाकरी हे ख्रिस्ताचं खरं शरीर आहे, हे मानायला अ‍ॅन अ‍ॅस्क्यूने नकार दिला. लंडनच्या टॉवरमध्ये ताणयंत्रावर तिचे सांधे इतके निखळले की १५४६च्या जुलैत तिला खुर्चीत बसवून स्मिथफील्डला नेलं आणि जाळलं. वय अवघं पंचविशीचं.

पुढे इंग्लंडच्या चर्चची प्रार्थनापुस्तकं बदलत गेली. भाकरी हातात देताना १५४९ साली पाद्री ख्रिस्ताच्या शरीराचं नाव घेई. १५५२ साली ते काढून, स्मरणार्थ खा, एवढंच ठेवलं. १५५९ साली, पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात, दोन्ही वाक्यं एकापुढे एक जोडली गेली. ही भाकरी ‘आहे’ काय, हे त्यांत कुठेच येत नाही. रांगेतल्या जुन्या विचाराच्या बाईने पहिलं वाक्य ऐकावं, तिच्या मागच्या सुधारकाने दुसरं.