सहवासाचा पुरावा

विवाह हा दोन व्यक्तींचा करार कीं समाजानें दिलेली मान्यता, हा वाद आपल्याकडे निदान दीडशें वर्षें चालू आहे, आणि त्यांत नवें सांगण्यासारखें आतां फारसें उरलें नाहीं असें आम्हांस वाटत असे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या जुन्या वादाला एक अगदीं अनपेक्षित पीठ लाभलें आहे. तें म्हणजे परदेशच्या वास्तव्य-परवान्याची कचेरी. तेथें धर्मशास्त्री नाहींत, समाजसुधारकही नाहींत. तेथील अधिकाऱ्यापुढें एक अर्ज येतो: मी आपल्या देशाच्या अमुक नागरिकाबरोबर राहतें, आमचें लग्न झालेलें नाहीं, तथापि आम्ही पतिपत्नींप्रमाणेंच राहतों, सबब मला येथें राहूं द्यावें. तत्त्वज्ञाला आपला निर्णय उद्यांवर टाकतां येतो. या अधिकाऱ्याला ती सोय नसते.

निरनिराळ्या देशांनीं हा निकाल देण्याच्या निरनिराळ्या रीती ठरविल्या आहेत. कॅनडांत निदान एक वर्षाचा सहवास दाखवावा लागतो. इंग्लंडांत दोन वर्षें एकत्र राहिल्याचा दाखला लागत असे. जानेवारी २०२४ पासून एकाच छपराखालीं राहण्याची अट सैल झाली, पण विवाहासारखा संबंध दोन वर्षें टिकलेला असावा ही अट राहिली. ऑस्ट्रेलियाचा नियम सर्वांत बोलका आहे. तेथें सामान्यतः बारा महिन्यांची मुदत आहे, आणि त्याखेरीज चार गोष्टी पाहिल्या जातात: पैशाचा व्यवहार, घरसंसाराची वांटणी, समाजांत उभयतांची ओळख, आणि एकमेकांशीं असलेली बांधिलकी. आपल्या देशानें मात्र हें दार उघडलेलेंच नाहीं. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यान्वयें भारतीयाशीं विवाह केलेल्या परकीयास सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीनें नागरिक होतां येतें. २०१५ च्या दुरुस्तीनें परदेशी पतीस वा पत्नीस 'ओव्हरसीज सिटिझन'चें कार्ड मिळूं लागलें, तेंही विवाहाची नोंद होऊन तो दोन वर्षें टिकला असेल तर. अविवाहित सहचराचें नांवही तेथें नाहीं.

नांवाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतों. आपल्या भाषेंत या नात्याला सरळ शब्द नाहीं. 'जोडीदार' पत्त्यांच्या डावांतही चालतो, 'सहचर' काव्यांत शोभतो, आणि लग्नावांचून राहणाऱ्या स्त्रीसाठीं जे शब्द आपल्या पूर्वजांनीं योजले ते येथें लिहिण्यासारखे नाहींत. त्याच स्थितींतील पुरुषासाठीं त्यांनीं तसले शब्द फारसे घडविले नाहींत, हेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे. 'लिव्ह-इन' हा इंग्रजी शब्द आपल्या तरुणांनीं उचलला तो केवळ हौसेनें नव्हे. घरच्या भाषेंत जें बोलवत नाहीं तें परक्या भाषेंत निदान उच्चारतां येतें.

आमच्या पनवेलींतील एका परिचित कुटुंबावर असा प्रसंग आला, आणि त्यामुळेंच हा विषय आम्हांस विचारार्ह वाटूं लागला. गांव जुनें, वडाळे तळ्याच्या आसपास पिढ्यान्पिढ्या एकमेकांस ओळखणारीं घरें अजून आहेत. २०१६ सालीं महानगरपालिका झाली, भोंवतीं उंच इमारती उठल्या, तरी कोणाची मुलगी कोठें आहे आणि तिचें 'जमलें' कीं नाहीं, ही चौकशी पूर्वीच्याच आस्थेनें चालते. या कुटुंबाची कन्या मेलबोर्नला नोकरीस आहे. तेथील एका नागरिकाबरोबर ती तीन वर्षें संसार करीत आहे. आईवडिलांस तें ठाऊक आहे. आधीं अबोला, मग रडारड, असें सर्व होऊन अखेर त्यांनीं तें स्वीकारलेंही आहे. शेजाऱ्यांस मात्र ती मैत्रिणींबरोबर राहते असें सांगितलेलें. आतां तिनें त्या गृहस्थाची सहचरी म्हणून अर्ज केला, आणि घरीं एक पत्र मागितलें: आमचें नातें तुम्हांला माहीत आहे व मान्य आहे, असें लिहून द्या.

वडील आमच्याकडे आले ते कायदा विचारण्यास नव्हे. ते म्हणाले, "सर, पत्रांत लिहायचें तें सगळें खरंच आहे. पण इथं तीन वर्षें जें सांगत आलों, त्याचं काय करायचं?"

परवान्याच्या कचेरीपुढें माणूस खोटें बोलेल, अशी सरकारची भीति असते. येथें परक्या सरकारपुढें खरें बोलणें सोपें आणि शेजाऱ्यापुढें अवघड, अशी उलटी स्थिति झाली. आणि नियम तर नेमकें हेंच विचारतो, कीं हें नातें तुमच्या समाजांत ज्ञात आहे काय? जें नातें समाजाच्या धाकानें झांकून ठेवलें, त्याबद्दल समाजाचीच साक्ष आणावी लागते. ज्यांचा समाज मोकळा, त्यांना ही साक्ष फुकट मिळते. ज्यांचा कडक, त्यांना ती महाग पडते. हा दोष परदेशी नियमांतच आहे असें मात्र नव्हे. आपल्या २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानें विवाहसदृश संबंधांतील स्त्रीलाही संरक्षण दिलें, तेव्हां तसा संबंध कोणता हें ठरवितांना सर्वोच्च न्यायालयानें २०१० मध्यें वेलुसामी खटल्यांत जी लक्षणें सांगितलीं, त्यांत उभयतांनीं समाजापुढें पतिपत्नींप्रमाणें वावरलें पाहिजे हें एक आहेच.

या ठिकाणीं आम्हांस शकुंतलेची आठवण होते. कालिदासाची नव्हे, महाभारताची. कालिदासानें दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी घालून राजाला वांचविलें. पुरावा नदींत पडला, कोळ्याला माशाच्या पोटांत सांपडला, आणि राजाची स्मृति परत आली. म्हणजे दोष सगळा कागदपत्रांच्या गहाळपणाचा! आदिपर्वांत अंगठी नाहीं, शापही नाहीं. शकुंतला मुलाला घेऊन दरबारांत उभी राहते, गांधर्वविवाहाची गोष्ट सांगते, आणि राजा सर्व आठवत असूनही तिला नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर तो आनंदानें स्वीकार करतो आणि कारण सांगतो, कीं मला ठाऊक होतें. पण केवळ हिच्या शब्दावर हें पोर घेतलें असतें तर लोकांनीं संशय धरला असता. राजाला पुरावा स्वतःसाठीं नको होता, लोकांसाठीं हवा होता. त्याच्या म्हणण्यांत राजनीति आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. पण मधल्या काळांत त्या स्त्रीनें भरसभेंत जें ऐकून घेतलें त्याची भरपाई आकाशवाणीनें होत नाहीं. आमच्या परिचितांच्या घरीं राजाची जागा बापाला मिळाली आहे, एवढेंच. त्यालाही सत्य ठाऊक आहे, आणि त्यालाही लोकांसाठीं पुरावा हवा आहे.

केवळ विधीवर भिस्त ठेवली तर काय होतें, हें मुंबई इलाख्यानें रखमाबाईंच्या खटल्यांत पाहिलें आहे. लग्न लहानपणीं झालेलें. सहवास कधीं घडलाच नाहीं. १८८४ सालीं पतीनें फिर्याद केली, आणि मार्च १८८७ मध्यें हायकोर्टानें हुकूम दिला कीं नांदावयास जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा. त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. प्रकरण पुढें १८८८ त तडजोडीनें मिटलें. तेथें विधि होता, म्हणून सहवास उत्पन्न करण्याचा कोर्टाचा आग्रह. आज सहवास आहे, तर त्याला विधीचें रूप दाखवा असा कचेरीचा आग्रह. अधिकाऱ्याच्या संशयाला मोकळें रान मिळालें म्हणजे तो कोणत्या थराला जातो, हें १९७९ च्या आरंभीं हीथ्रो विमानतळावर दिसलें. वाग्दत्त वराशीं लग्न करण्यास आलेली एक भारतीय शिक्षिका आधींच विवाहित असेल अशा शंकेनें तिची कौमार्य-तपासणी करण्यांत आली.

"एका सहीचें काम, लग्न करून मोकळे कां होत नाहींत?" हा प्रश्न पनवेलींतच नव्हे, सर्वत्र विचारला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. ज्यानें जाहीर वचन देण्याचें टाळलें, त्याच्याकडे राज्यानें दुसरा पुरावा मागितला तर तक्रारीस फारशी जागा नाहीं, असें आमचें मत आहे. खोटीं नातीं दाखवून परवाने मिळविणारे लोक आहेतच. पण कांहींना ती सही उपलब्धच नसते. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देण्यास आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं नकार दिला. त्यांना 'लग्न कां करीत नाहीं' असें विचारणें ही क्रूर थट्टा होय. उरला प्रश्न या मुलीसारख्यांचा. तिनें बापाला लिहिलें कीं, लग्न करावेंसें वाटेल तेव्हां करूं, पण परवान्यासाठीं करणार नाहीं. आम्हांस या उत्तरांत विवाहाची अवहेलना दिसत नाहीं. परवान्यासाठीं बोहल्यावर चढणाऱ्यापेक्षां ही मुलगी विवाहाला अधिक मानते. म्हणून अधिकाऱ्यानें दोघांचें वर्तन तपासावें, घरभाड्याच्या पावत्या पाहाव्या, आजारपणांत कोण उशाशीं होतें तें विचारावें; शेजारपाजारच्या संमतीला मात्र फार वजन देऊं नये.

वडिलांनीं पत्र मराठींत लिहिलें व भाषांतरासाठीं देण्यापूर्वीं आम्हांस दाखविलें. त्यांत त्या गृहस्थाचा उल्लेख 'आमचे जावई' असा होता. कायद्याच्या दृष्टीनें तें असत्य ठरेल, असें आम्हीं सांगितल्यावर त्यांनीं तो शब्द खोडून 'मुलीचे जोडीदार' असें केलें, आणि खोडलेल्या जागीं सही केली. शेजाऱ्यांस पुढें काय सांगितलें, तें आम्हीं विचारलेलें नाहीं.