मूळ गाडी नेमकी कुठे असते?

पुण्याच्या गल्लीबोळांतले गतिरोधक जुन्या स्पोर्ट्स कारला सोसत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा गोलसर उंचवटा ठरवून दिला आहे. ‘एमजीबी’सारख्या बुटक्या ब्रिटिश गाडीचा एक्झॉस्ट जमिनीपासून जेमतेम तेवढाच वर असतो. वर उंचवटा अरुंद आणि खडा असला, की तळ घासलाच.

जाणता मेकॅनिक आधी मागचे पाटे पाहतो. बसलेले पाटे आणि लोंबणारे रबरी हँगर बदलले, की एक्झॉस्टची नळी पुन्हा जागेवर येते. तेवढ्याने भागले नाही, तर चपटा सायलेन्सर बसवावा लागतो.

मग प्रश्न उभा राहतो: ही गाडी अजून मूळचीच का?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला त्याच्या रथाबद्दल हेच विचारतो. आस म्हणजे रथ? चाके? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी उलगडते ते असे: सुटा भाग म्हणजे रथ नव्हे आणि भागांपलीकडेही रथ नाही, भागांच्या आधाराने व्यवहारात चालणारे ते नाव आहे. धर्मानंद कोसंबींनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, त्या पुण्याला हा युक्तिवाद परका नाही.

खुद्द कंपनीनेच १९७४मध्ये अमेरिकी नियमांसाठी एमजीबीची उंची वाढवली होती. म्हणून ‘मूळ’ नळीसाठी गाडी गॅरेजमध्ये कोंडून ठेवणे ही निष्ठा नव्हे, आसक्ती आहे. बदल जरूर करा. फक्त तो पुन्हा उलटवता येईल असा करा, त्याची नोंद ठेवा आणि काढलेली नळी जपा.