दान, अनुदान आणि मध्यस्थ

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले असून, परतफेडीची वा फळाची अपेक्षा ठेवून दिलेले दान तेथे राजस मानले आहे. अनुदान, म्हणजे ठरावीक कामासाठी हिशोबाच्या अटीवर दिलेला पैसा, या कसोटीवर राजसच ठरेल. पण प्रश्न इतक्यावर मिटत नाही, कारण लाभ आणि गरजू यांच्यामध्ये अनेकदा मध्यस्थ लागतो.

2012 मध्ये महाराष्ट्राच्या आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि 2017 मध्ये महात्मा फुले यांचे नाव मिळालेली जनआरोग्य योजना, तसेच 2018 पासूनची वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची आयुष्मान भारत योजना, या दोन्हींचा लाभ कागदपत्रांच्या वाटेने जातो. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात आधार आणि रेशनकार्ड यांवरील नावांत एका अक्षराचा फरक असला, तरी पात्र माणूस दारातच अडू शकतो. या योजनांचे आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारे कर्मचारी, भेटतात ते रुग्णालयात, म्हणजे आजार बळावल्यावर.

अमेरिकेत 2010 च्या आरोग्य कायद्यानुसार विमानोंदणीस मदत करणाऱ्या संस्थांना अनुदान मिळते, मात्र त्यांना विमा कंपनीकडून मोबदला घेता येत नाही. या अटीत एक जुनाच विवेक दडलेला आहे: मध्यस्थाची निष्ठा नेमकी कोणाशी? गीतेने दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहण्यास सांगितले. या योजनांत मात्र पात्रता सिद्ध करून देणे हीच सेवा होते, आणि अशा सेवकाच्या प्रवासखर्चाला दान म्हणायचे की वेतन, हा भेद अर्ज भरून घेणाऱ्या म्हातारीच्या दृष्टीने बहुधा निरर्थक असतो.