कडी आतून लागली पाहिजे

दोस्तांनो, हा लेख लिहिताना मला लाज वाटली हे आधीच कबूल करतो. जमिनीवर लिहिलं, पाण्यावर लिहिलं, मागावरच्या बारा तासांवर कविता लिहिल्या, तेव्हा हात अडला नाही. हा विषय आला आणि अडला. मग स्वतःलाच विचारलं, ही लाज माझी आहे, की मला कुणी दिलेली आहे?

विषय साधा आहे. नवरा-बायकोला, किंवा एकमेकांवर जीव असलेल्या दोन सज्ञान माणसांना, कुणी बघत नाही अशी जागा मिळावी की नाही? तुमच्यातला एखादा लगेच म्हणेल, "चळवळीपुढं एवढे प्रश्न पडलेत आन् ह्याला बायकोसंगं खोली पायजे!" होय, पाहिजे. का पाहिजे ते सांगतो.

विट्यात आमचं घर म्हणजे दहा बाय चौदाची एक खोली. वर पत्रा. आत आजी, आई, बाबा, बहीण, धाकटा भाऊ, मी आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली माझी बायको. सात माणसं. कोपऱ्यात दोरीवर आईची जुनी साडी टाकली, ती आमची भिंत. बाबांना खोकला, आजीला झोप नाही. साडीपलीकडं कुणी कूस बदलली तरी कळतं, मग आमचं काय कळत नसेल? दोन वर्षं आम्ही कुजबुजत संसार केला. बायको त्याच कारखान्यात कांड्या भरते. तिथं धोट्यांचा खडखडाट एवढा, की दोघं ओरडून बोललो तरी तिसऱ्याला ऐकू जात नाही. म्हणजे घरापेक्षा कारखान्यात आम्हाला जास्त एकांत.

बायकोचं मोठ्यानं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं ते सागरेश्वरच्या डोंगरात. सुट्टीला गेलो होतो. एका झाडाखाली बसलो, कसल्या तरी फालतू गोष्टीवर ती हसली आणि मी बघतच राहिलो. ह्या बाईचं हसणं एवढं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात पोरांचं टोळकं आलं. एकानं मोबाईल काढला. गळ्यातलं मंगळसूत्र दाखवत आम्ही खाली उतरलो.

मग पैसे साठवले आणि जवळच्या एका मोठ्या शहरात लॉजवर गेलो. एका रात्रीसाठी. मॅनेजरनं आधार कार्ड मागितलं. आडनाव वाचलं. "विट्यात कुठं राहता?" मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यानं कार्ड परत केलं. "खोली शिल्लक न्हाय पाव्हणं." त्याच्या पाठीमागं खिळ्यांना किल्ल्या लटकत होत्या. मी मोजल्या. नऊ होत्या.

त्यानं जात बघून नाकारलं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. जवळपासच्या गावच्यांना खोली देत नसतील, आमचे कपडे बघून नाकारलं असेल. आपल्या बाबतीत हे कायमचंच आहे. नाकारतात, पण कारण सांगत नाहीत. मग ते कारण आयुष्यभर आपणच शोधत बसायचं. एस.टी.त बायको एवढंच म्हणाली, "आवं, आपुन काय चोरी केलीया व्हय?"

हा लेख म्हणजे तिच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायची धडपड आहे.

रजिस्टर नाव विचारतं आणि नाव जात सांगतं, हे आपल्याला नवं नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात आले. विद्वान माणूस सामान घेऊन बाहेर पडला आणि कामाठी बागेत जाऊन बसला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांना तर फक्त एकट्यानं डोकं टेकायला जागा हवी होती. शंभर वर्षांनंतर त्यांची लेकरं जोडीनं खोली मागायला जातात. काठी दिसत नाही, पण किल्ली खिळ्यावरून उतरत नाही.

आता विचार करू. एकांत ही काय चीज आहे? पुस्तकवाले म्हणतात, ती मनाची गरज आहे. मी म्हणतो, ती जमिनीसारखी मालमत्ता आहे आणि तिची वाटणी जमिनीसारखीच झालेली आहे. वाड्याला माजघर होतं, माडी होती, आत-बाहेर होतं. गावकुसाबाहेरच्या खोपटाला एकच आत, तेही बाहेरून दिसणारं. ज्याच्या घराला दार नाही त्याला लाज नाही असं म्हणायचं, आणि त्यानं दार मागितलं की त्याला निर्लज्ज म्हणायचं. हा प्रस्थापितांचा जुना न्याय आहे.

माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे पंधरा जण. एक उठला की त्याच्या गरम वळकटीवर दुसरा आडवा. बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात कुणी कुटुंब आणलं तर बाकीचे व्हरांड्यात झोपायचे. म्हणून आजी गावी. आजोबा वर्षातून एकदा जत्रेला यायचे. आजी हसत सांगते, "आमच्या वस्तीत सगळी जत्रंची पोरं, एकाच म्हैन्यात बारशी." आम्हीही हसतो. पण त्या हसण्यात वर्षाचे तीनशे पन्नास दिवस एकटी निजलेली बाई आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या मोडल्या, आणि आजोबा ट्रंक घेऊन विट्याला आले. मागण्यांत पगार होता, बोनस होता. बायकोबरोबर राहायला खोली ही मागणी कुणी कधी फलकावर लिहिली का? लाज वाटली असेल.

त्याच मुंबईत मरीन ड्राइव्हवर, बँडस्टँडवर जोडपी बसतात. मी बघितलीत. तोंड समुद्राकडं, पाठ शहराकडं. ती पाठ हीच त्यांची भिंत. लोक म्हणतात, काय ही उघड्यावर थेरं! अरे, ती उघड्यावर हौसेनं बसली नाहीत, आत जागा नाही म्हणून बसलीत. आणि आत गेली तर? ६ ऑगस्ट २०१५ ला मढ बेट आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले. सुमारे चाळीस जोडपी खोल्यांतून बाहेर काढली. पोलीस कायद्याचं ११० वं कलम लावलं. ते कलम सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाचं आहे! बाराशे रुपये दंड केला. काहींच्या आईबापांना फोन गेले. नंतर ओरड झाली आणि वरिष्ठांनी चौकशी लावली. पण बघा, पैसे भरून घेतलेली, आतून कडी लावलेली खोली सार्वजनिक ठरली. मग ह्या देशात खाजगी काय आहे?

बाकीच्या जगात काय करतात? जपानची गोष्ट आपल्या चाळीशी जुळते. महायुद्धानंतर तिथंही घरं लहान, भिंती पातळ, एका छपराखाली तीन पिढ्या. तिथं तासावर खोली देणारी हॉटेलं वाढली. 'विश्रांती' म्हणजे दोन-तीन तास, 'मुक्काम' म्हणजे रात्र. दाराशी खोल्यांचे फोटो लावलेले असतात. बटण दाबायचं, घेणाऱ्याचं तोंड देणाऱ्याला दिसत नाही. १९७३ साली टोकियोत किल्ल्यासारखं दिसणारं मेगुरो एम्परर उभं राहिलं. लग्न झालेली, घरात जागा नसलेली माणसंही अशा ठिकाणी जायची. १९८५ मध्ये सरकारनं ह्या धंद्यावर कायद्याची देखरेख आणली, पण दारं बंद केली नाहीत. क्यूबात तर सरकारच अशा खोल्या चालवायचं. त्यांना 'पोसादा' म्हणत. १९९० नंतरच्या तंगीत त्या बंद पडत गेल्या, बेघरांना तिथं ठेवलं गेलं. २०१७ मध्ये हवानात त्या पुन्हा सुरू करायचं ठरलं. इतकं लांब कशाला, आपल्या शेजारच्या बस्तरमध्ये मुरिया गोंडांचं घोटुल होतं. तरुण पोरापोरींनी एकत्र यायची, गायची, राहायची जागा, गावानंच बांधलेली. बाहेरच्या सभ्य लोकांनी तिकडं कॅमेरे नेले आणि तिचा तमाशा केला. म्हणजे एकांत हे पाश्चात्त्य खूळ आहे असं म्हणणाऱ्याला आपल्याच देशातला आदिवासी ठाऊक नाही.

आपल्याकडं कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, बाबासाहेबांच्या घटनेतल्या २१ व्या कलमात तो आहेच. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालय म्हणालं, लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्यानं हॉटेलात राहू नये असा कुठलाच कायदा नाही. म्हणजे कागदावर दार आहे. व्यवहारात ते दार ओयोसारख्या कंपन्या विकतात, आणि वाटलं तर बंदही करतात. जानेवारी २०२५ मध्ये ह्याच कंपनीनं मेरठमध्ये लग्न न झालेल्यांना खोली नाकारायचं धोरण आणलं. हक्क बाजारात गेला की त्याचा मालक दुसराच होतो.

इथं खरी गाठ आहे. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी सांगितलं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न. आपण हे वाक्य भाषणात वापरतो. पण लग्नाआधी दोन माणसांनी बोलायला पाहिजे, एकमेकांना ओळखायला पाहिजे. ती कुठं बोलणार? २०१४ साली खर्ड्यात आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला टांगलं. संशय एवढाच की तो वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो. २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. जात म्हणजे नुसती उतरंड नव्हे, जात म्हणजे पहारा. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाच्या दारात उभं राहतं, ह्यावर चोवीस तास डोळा. तो डोळा झाकला तर जात दोन पिढ्यांत मरेल, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. कायद्यानं लग्न करायला जा, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस, तीही कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावलेली. मारणाऱ्याला पत्ता सरकार पुरवतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष नेमायला आणि सुरक्षित घरांचा विचार करायला सांगितलं. कार्यकर्त्यांनो, आपापल्या जिल्ह्यात जाऊन विचारा, तो कक्ष कुठं बसतो, त्याचा फोन कोण उचलतं.

कुणी म्हणेल, बंद दारामागं बाईचं शोषणही होतं. खरं आहे. फसवून नेणारे आहेत, चोरून चित्रण करणारे आहेत. लग्नाच्या कडीमागंही जबरदस्ती होते, तिथं तर पोलीसही येत नाहीत. म्हणून मी नुसतं दार मागत नाही. कडी आतून असावी, आणि ती दोघांच्याही हाताला पोचावी. बाईला वाटेल तेव्हा ती उघडून बाहेर येता आलं पाहिजे. कडी बाहेरून असते त्याला एकांत म्हणत नाहीत, कोठडी म्हणतात.

हे सगळं लिहून झालं आणि मी बहिणीला वाचून दाखवलं. ती कॉलेजात आहे. गेल्या पावसाळ्यात ती एस.टी. स्टँडच्या मागं एका पोराशी बोलत उभी होती. पोरगा दुसऱ्या जातीचा. मी दोन मित्र घेऊन गेलो, त्याची कॉलर धरली, आणि पुन्हा दिसलास तर तंगडं मोडीन म्हणालो. मित्र दोघंही चळवळीतले. त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही लिहितो. तिनं लेख ऐकला आणि म्हणाली, "दादा, त्या लॉजवाल्यात आन् तुझ्यात फरक काय रं? त्यानं नुसती किल्ली दिली न्हाय. तू तर हात उचलाय निघाला हुतास."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. आपण पहाऱ्याविरुद्ध लढतो आणि आपल्या वस्तीच्या तोंडावर स्वतःच पहारेकरी होऊन बसतो. मनू आपल्या खिशात घर करून राहिलाय. बहिणीची अब्रू म्हणून जे राखतो, ती आपलीच मालकी असते.

मी तिला म्हणालो, चुकलं माझं. त्याला घरी बोलव, आपण चहा पिऊ. ती हसली. "घरी? घरात कुठं बसवू त्याला, आजीच्या अंथरुणावर?"

म्हणून दोस्तांनो, कामाचं बोलतो. गावाकडच्या घरकुलाचं क्षेत्र २५ चौरस मीटर, सुमारे २६९ चौरस फूट. आपण अर्ज भरतो, हप्त्यामागं हेलपाटे घालतो, आणि चार भिंती मिळाल्या की गप्प बसतो. मधली भिंत मागा. आतलं दार मागा. त्याला कडी मागा. १९२७ ला महाडला आपण सगळ्यांच्या पाण्यावर हक्क सांगितला, तेव्हाही लोक म्हणाले होते, एवढ्याशा पाण्यासाठी कशाला? चारचौघांत ताठ उभं राहायचा हक्क आणि चारचौघांपासून दूर जायचा हक्क हे एकच आहेत. दोन्हीकडं प्रश्न एवढाच, की मी कुठं उभं राहायचं हे कोण ठरवणार.

आणि भिंत मिळेपर्यंत निदान एवढं करू. स्टँडच्या मागं दोघं बोलत उभी दिसली, तर आपण मान वळवून आपल्या वाटेनं जायचं. मला हे जमेलच असं नाही. प्रयत्न करतोय.

जय भीम.