दोष खड्याचा कीं पिशवीचा?

रोग बरा झाला असें केव्हां म्हणावें? वेदना थांबली म्हणजे, वेदनेचें कारण नाहींसें झालें म्हणजे, कीं तें कारण पुन्हां उत्पन्न होण्याची जागाच उरली नाहीं म्हणजे? वरवर पाहतां हा शब्दांचा खेळ वाटेल. परंतु पित्ताशयांत खडे झाल्याचें कळलें म्हणजे एखाद्या घरांत जो गोंधळ उडतो, तो आमच्या मतें बहुतेक याच प्रश्नाचा असतो. एक म्हणतो, पिशवी काढून टाका. दुसरा म्हणतो, गोळ्यांनीं खडे विरघळतात. आणि दोघेही ‘बरें होणें’ हा शब्द निरनिराळ्या अर्थानें वापरीत असतात.

शस्त्रवैद्याचा पक्ष जुना आहे. १५ जुलै १८८२ रोजीं बर्लिन येथील लाझारस रुग्णालयांत कार्ल लांगेनबुख यानें एका ४३ वर्षांच्या रोग्याचें पित्ताशय कापून काढलें. तोंपर्यंत पिशवी उघडून खडे काढीत आणि पिशवी जागच्या जागीं ठेवीत. लांगेनबुखाचें म्हणणें असें कीं, पित्ताशयांत खडे आहेत म्हणून तें काढावयाचें नाहीं. तें खडे तयार करतें म्हणून काढावयाचें. दुसऱ्या दिवशीं त्याचा रोगी सिगार ओढीत होता असें नमूद आहे! चोरीचा माल जप्त करून चोरास मोकळें सोडण्यांत काय अर्थ, असा हा युक्तिवाद असून तो ऐकणाऱ्यास तत्काळ पटतो. मात्र चोर कोण याचा तपास त्या काळीं पुरा झालेला नव्हता.

कोलेस्टेरॉल हा मेणचट पदार्थ पाण्यांत विरघळत नाहीं. यकृत तो पित्तांत सोडतें, आणि पित्तांतील क्षार व लेसिथिन हे त्यास लपेटून द्रवरूपानें वाहून नेतात. ओझें फार आणि वाहणारे थोडे अशी स्थिति झाली म्हणजे त्याचे स्फटिक बनूं लागतात, आणि पित्ताशय मंदपणें आकुंचन पावत असेल तर त्या सांचलेल्या पित्तांत स्फटिकांचे खडे होतात. म्हणजे पिशवी अगदींच निर्दोष नव्हे. पण मूळ बिघाड पुष्कळ अंशीं यकृतानें तयार केलेल्या पित्ताचा आहे. गुन्हा यकृताचा आणि शिक्षा पित्ताशयास, असा हा प्रकार झाला. त्याचें कारण उघड आहे. यकृतावांचून मनुष्य जगत नाहीं, पित्ताशयावांचून जगतो. पित्त मग परभारें आंतड्यांत उतरतें, आणि कांहींस जुलाबाचा त्रास झाला तरी बहुतेकांचें चांगलें चालतें. ही शिक्षा सोयीची आहे, आणि पुष्कळदां अवश्यही आहे. परंतु सोयीस न्याय हें नांव देऊं नये.

गोळ्यांचा मार्ग या बिघडलेल्या पित्तासच हात घालतो. १९७२ साली अमेरिकेंतील मेयो क्लिनिक येथील वैद्यांनीं कीनोडिऑक्सिकोलिक आम्ल हें पित्तांतीलच एक आम्ल सात रोग्यांस देऊन पाहिलें, आणि चौघांचे खडे लहान झाले किंवा नाहींसे झाले. कापल्यावांचून दगड विरघळतो ही बातमी कोणास गोड वाटणार नाहीं? परंतु पुढें ९१६ रोग्यांवर मोठा प्रयोग होऊन १९८१ साली त्याचा निकाल लागला, तेव्हां रोज ७५० मिलिग्रॅम औषध दोन वर्षें घेऊनही खडे पूर्णपणें विरघळलेले रोगी शेंकडा साडेतेराच भरले. शिवाय कांहींच्या यकृतास अपाय झाला. आज तें मागें पडून अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल वापरतात. तें अधिक सौम्य आहे, आणि वजनाच्या दर किलोमागें रोज आठ ते दहा मिलिग्रॅम या मानानें सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत द्यावें लागतें. खडे कोलेस्टेरॉलचे, लहान, पित्तांत तरंगणारे व चुना न धरलेले असावेत, आणि पिशवीचें तोंड मोकळें असावें, तरच आशा. ज्यास ताप, कावीळ किंवा असह्य कळ आहे त्यानें गोळ्यांची वाट पाहत बसूं नये, हें निराळें सांगावयास नकोच.

या औषधाच्या नांवांत अस्वल दडलेलें आहे. लॅटिन भाषेंत अस्वलास जो शब्द आहे त्यावरून ‘अर्सो’ आलें, आणि १९२७ साली जपानांत शोडा यांनीं अस्वलाच्याच पित्तांतून तें शुद्ध रूपांत वेगळें केलें. चीनमध्यें पित्तासाठीं अस्वलें पिंजऱ्यांत कोंडून ठेवण्याचा धंदा आजही चालू आहे, याची लाज सर्व मनुष्यजातीस वाटावी. दुकानांतील गोळी मात्र बहुतांशीं गुरांच्या पित्तापासून कारखान्यांत बनवितात. शाकाहारी घरांत ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. ज्या समाजांत गोरोचन, म्हणजे गाईबैलांच्या पित्ताशयांतला खडाच, पूजेंत आणि मात्रेंत पवित्र मानला, त्यानें यावरून फार गहजब करूं नये असें आम्हांस वाटतें. पण रोग्यानें विचारावें आणि त्यास खरें उत्तर मिळावें, एवढें तरी व्हावें.

गोळ्यांवरील मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. खडे विरघळले तरी पांच वर्षांच्या आंत सुमारें निम्म्या लोकांस ते पुन्हां होतात. मग यास बरें होणें कसें म्हणावें? आमचें म्हणणें असें कीं, अवश्य म्हणावें. विहिरींत गाळ सांचतो. तो उपसला तरी पुन्हां सांचणार हें ठाऊक असून आपण उपसतों, आणि गाळ येतो म्हणून विहीर बुजविणाऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाहीं. तरीही हा दृष्टांत फार ताणूं नये. गाळानें विहिरीच्या धन्यास मध्यरात्रीं कळ येत नाहीं, आणि ज्यास ती वारंवार आली आहे त्यास दोन वर्षें धीर धरण्याचा उपदेश करणें हें क्रौर्य होय. त्यानें पिशवी काढून घ्यावी.

खरा पेंच आहे तो न दुखणाऱ्या खड्याचा. पूर्वी असे खडे मनुष्याबरोबर चितेवर जात व कोणास पत्ता लागत नसे. आतां सोनोग्राफीनें ते दिसूं लागले. मिशिगन विद्यापीठांतील असे मूक खडे असलेल्या १२३ अध्यापकांवर अनेक वर्षें लक्ष ठेवून १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा कीं, वीस वर्षांतही शेंकडा अठरांसच त्यांपासून वेदना होतात. (आमच्याच व्यवसायाच्या लोकांनीं कांहीं न करितां शास्त्राची एवढी सेवा केल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.) म्हणजे बहुतेकांनीं गोळी घेऊं नये आणि पोटही कापून घेऊं नये. परंतु १९८५ साली जर्मनींत म्यूए यानें दुर्बिणीनें पित्ताशय काढण्यास आरंभ केला, १९९० साली मुंबईंत डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनीं ती विद्या हिंदुस्थानांत आणली, आणि आठवड्यांचें अंथरूण दिवसांवर आलें. शस्त्रक्रिया इतकी सोपी झाली, हा उपकार मोठाच. तथापि उपाय सोपा झाला म्हणजे ज्यास उपाय नको तोही रोगी ठरूं लागतो.

आमच्या परिचयांतील एका वृद्ध बाईंच्या पोटांत दुसऱ्याच कारणानें केलेल्या तपासणींत एक खडा आढळला. मुलांनीं भीतीनें व प्रेमानें शस्त्रक्रियेचा दिवस ठरविला आणि मग आईस कळविलें. त्या म्हणाल्या, “अरे, पोट माझं. दुखतं का, एवढं तरी मला विचारायचं होतंत.” मुलांचा हेतु वाईट नव्हता, परंतु किती लोकांस पुढें त्रास होतो हें वैद्य सांगूं शकतो, त्या त्रासाची भीति मोठी कीं सुरीची भीति मोठी हें मात्र ज्याचें पोट त्यानेंच ठरवावयाचें असतें. तीनही मार्ग आणि त्यांचीं प्रमाणें समोर ठेवल्यावांचून घेतलेली संमति आम्ही संमति मानीत नाहीं, मग ती कागदावर सहीनिशीं असो. बाईंनीं शस्त्रवैद्यास स्वतः विचारलें. त्यानेंही, थांबल्यास चालेल, असें मोकळेपणानें सांगितलें. आज तीन वर्षें त्या तो खडा बाळगून आहेत. मुलांच्या आग्रहास्तव दर वर्षीं तपासून घेतात, आणि मुलांचें समाधान अद्याप झालेलें नाहीं.